यंत्र एकदाच, वर्गणी दरमहा

दोस्तांनो, काही भांडणं कधी मिटतच नाहीत. सचिन मोठा की लारा, या वादात एका अख्ख्या पिढीने मधल्या सुट्टीतले डबे थंड केले. हल्ली तुमच्या बाकांवर निराळाच वाद रंगतो. प्लेस्टेशन की एक्सबॉक्स? एक म्हणतो, "आमच्या यंत्रावर स्पायडरमॅन आहे!" दुसरा म्हणतो, "आम्हाला एका वर्गणीत शेकडो गेम मिळतात!" आणि ज्याच्या घरी यातलं काहीच नाही, तो मुलगा सगळ्यांत जोरात भांडतो.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत हा वाद माझ्या पुढ्यात आला. नाशिकचा माझा भाचा नववीत, भाची सहावीत. त्यांच्या बाबांनी दोन वर्षं बँकेत दरमहा दोन हजारांची रिकरिंग भरली होती. तिची मुदत संपली आणि व्याजासकट एक्कावन्न हजारांच्या आसपास रक्कम हाती आली. ती गेम कन्सोलसाठीच होती. अट मात्र एकच होती : दोघांचं एकमत झालं पाहिजे. ते काही होईना! भाच्याला प्लेस्टेशन ५ हवा, भाचीला एक्सबॉक्स. शेवटी ताईने दोघांना माझ्याकडे धाडलं. "मामा सांगेल ते ऐका," म्हणाली.

आता मामाने काय सांगावं? पन्नास हजार म्हणजे काही भेळेचे पैसे नव्हेत. मी म्हटलं, "निकाल मी देणार नाही. पण आपण विकत काय घेतोय, ते आधी नीट पाहू."

पहिल्यांदा आम्ही यंत्राच्या पोटात डोकावलो. गंमत अशी, की ज्या दोन यंत्रांसाठी मुलं हमरीतुमरीवर येतात, त्या दोघांचा मेंदू एकाच कंपनीच्या रचनेवर बेतलेला आहे. प्लेस्टेशन ५ सोनीचा, एक्सबॉक्स सीरिज एक्स मायक्रोसॉफ्टचा. पण दोघांतली मुख्य चिप एएमडी या अमेरिकन कंपनीची. दोघांतही १६ जीबी मेमरी. कागदावर एक्सबॉक्स सीरिज एक्सचं चित्र रंगवण्याचं बळ थोडं जास्त, १२ टेराफ्लॉप; प्लेस्टेशनचं १०च्या थोडं वर. उलट माहिती साठवणाऱ्या भागातून गेम उचलण्याचा प्लेस्टेशनचा वेग जास्त. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरमध्ये गंमत आहे : धनुष्य ताणलं की त्याचा खटका बोटांना खरोखर घट्ट लागतो. एक्सबॉक्सचा धाकटा भाऊ सीरिज एस मात्र खरंच लहान आहे. ताकद ४ टेराफ्लॉप, आणि मूळच्या ५१२ जीबीपैकी गेमसाठी हाती लागते ती जागा ३६४ जीबी. हल्ली एकेक मोठा गेम शंभर जीबी खातो. म्हणजे तीन-चार गेम ठेवले की घर भरलं!

"म्हणजे दोन्ही सारखेच?" भाचीने विचारलं.

पडद्यापासून आठ फुटांवर बसलेल्या माणसाला जवळजवळ सारखेच. मग भांडण कसलं? ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

निन्टेन्डो ही जपानमधल्या क्योतो शहरातली कंपनी. १८८९ साली ती निघाली ती खेळायचे पत्ते बनवायला! पुढे १९८३ साली तिने घरच्या टीव्हीला जोडायचं खेळयंत्र आणलं आणि जग जिंकलं. त्यानंतर सोनीने निन्टेन्डोबरोबर सीडीवर चालणारं यंत्र बनवायचं ठरवलं. १९९१ साली शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली. आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने जाहीर केलं, की आम्ही सोनीऐवजी फिलिप्सबरोबर काम करणार! भर मांडवात नवरदेव उठून जावा, तशी सोनीची गत झाली. पण सोनीत केन कुतारागी नावाचे एक हट्टी इंजिनिअर होते. त्यांनी तो विचार सोडला नाही. ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये पहिला प्लेस्टेशन बाजारात आला आणि पुढे दहा कोटींहून जास्त खपला. मग मायक्रोसॉफ्टला वाटलं, दिवाणखान्यातली जागा सोनीला का द्यायची? १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत एक्सबॉक्स आला. आज तुम्ही ज्या दोन झेंड्यांखाली भांडता, ते झेंडे असे उभे राहिले.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? आपल्याकडे होती निन्टेन्डोची नक्कल केलेली स्वस्त यंत्रं. त्यांच्या कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असं लिहिलेलं असायचं आणि आत गेम निघायचे मोजून चार-पाच! कॅसेट चालली नाही, की तिच्यात जोरात फुंकर मारायची. आमच्या वाड्यात सहा मुलांत मिळून चार कॅसेट होत्या. पण त्या वाड्यातल्या प्रत्येक घरात फिरायच्या. माझी तुला, तुझी मला. गेम आठवड्यापुरता माझा असला, तरी त्याची मजा वाड्याची होती. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण खरा प्रश्न इथेच दडला आहे.

आजचे कन्सोल दोन तऱ्हांचे मिळतात : एकाला डिस्क घालायची खाच असते, दुसऱ्याला नसते. नोव्हेंबर २०२०मध्ये एक्सबॉक्सची नवी जोडी भारतात आली, तेव्हा खाच असलेला सीरिज एक्स ४९,९९० रुपयांना होता आणि खाच नसलेला सीरिज एस ३४,९९०ला. फेब्रुवारी २०२१मध्ये प्लेस्टेशन ५ आपल्याकडे आला. डिस्कवाला ४९,९९०, बिनडिस्कचा ३९,९९०. नोव्हेंबर २०२२मध्ये सोनीने भारतातल्या या किमती ५४,९९० आणि ४४,९९० केल्या. तेव्हापासून किमती खालीवर होत आल्या आहेत, म्हणून आजचा भाव दुकानात विचारूनच घ्यावा. पण दोन तऱ्हांमधला फरक ध्यानात ठेवा : दहा हजार.

दहा हजार वाचतात, मग बिनडिस्कचाच घ्यावा की! माझ्या भाच्यालाही तसंच वाटलं. एक्कावन्न हजारांत बिनडिस्कचा तर त्याच दिवशी घरी आला असता. डिस्कवाल्यासाठी चारेक हजार कमी पडत होते.

आता जरा हिशेब करू. प्लेस्टेशन ५बरोबर सोनीचे स्वतःचे मोठे गेम आपल्याकडे आले, त्यांची छापील किंमत ४,९९९ रुपये होती. म्हणजे वाचलेले दहा हजार दोन गेममध्ये संपले! ज्याच्या यंत्राला खाच आहे, तो जुनी डिस्क कमी पैशांत घेऊ शकतो, खेळून झाल्यावर विकू शकतो, मित्राला आठवडाभर देऊ शकतो. बिनडिस्कवाल्याला एकच दुकान : त्याच कंपनीचं, पडद्यावरचं. तिथे घासाघीस नाही, उसनवारी नाही आणि परत विकणंही नाही. २०२३च्या अखेरीस आलेल्या सडपातळ बिनडिस्कच्या प्लेस्टेशन ५ला डिस्कचा भाग नंतर वेगळा घेऊन जोडता येतो, एवढी एक सोय आहे.

डिस्क मित्राला द्यायचा हा हक्क किती मोलाचा आहे, याची एक झकास गोष्ट आहे. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन आणायचं ठरवलं, तेव्हा सुरुवातीला नियम केला, की यंत्राने चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावलीच पाहिजे. शिवाय डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावरही बंधनं! लोक खवळले. तेव्हा सोनीने एक इवलीशी चित्रफीत काढली : 'आमच्या यंत्रावर गेम मित्राला कसा द्यावा?' तिच्यात एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा आभार मानतो. संपली फीत! जून २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टला ते नियम मागे घ्यावे लागले. कंपनी कितीही मोठी असो, गिऱ्हाईक एकमुखाने 'नाही' म्हणालं, की तिला ऐकावं लागतं.

"पण मामा," भाची म्हणाली, "मी डिस्क घेणारच नाही. मी वर्गणी भरणार!"

ही तिची बाजू मला पोकळ वाटली नाही. दादाला एकच गेम वर्षभर पुरतो, तिला दर आठवड्याला नवा लागतो. असा खेळाडू असेल, तर वर्गणी फायद्याची ठरू शकते. ही वर्गणी म्हणजे काय, तर आपल्या गावातलं वाचनालय. महिन्याचे पैसे भरा आणि कपाटातलं हवं ते पुस्तक घरी न्या. मायक्रोसॉफ्टचं वाचनालय म्हणजे गेम पास. ते जून २०१७मध्ये सुरू झालं. जानेवारी २०१८मध्ये कंपनीने जाहीर केलं, की आमचे स्वतःचे नवे गेम ज्या दिवशी दुकानात येतील, त्याच दिवशी गेम पासच्या वर्गणीदारांनाही मिळतील. मात्र गेम पासच्या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत; कोणत्या पायरीवर काय मिळतं, हे भरण्याआधी वाचून घ्यावं. सोनीची प्लेस्टेशन प्लस ही वर्गणी २०१० सालची. २०२२मध्ये तिच्या तीन पायऱ्या झाल्या : इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि आपल्याकडे डिलक्स. सोनी आपले मोठे नवे गेम सहसा पहिल्याच दिवशी वर्गणीत देत नाही. काही काळ उलटल्यावर देते.

वाचनालय चांगलंच. पण वाचनालयाचे तीन नियम विसरायचे नसतात.

पहिला नियम : वर्गणी थांबली, की कपाट बंद. पुस्तक अर्धं राहिलं असलं तरी! प्लेस्टेशन प्लसमध्ये दरमहा जे गेम 'मिळतात', तेही वर्गणी चालू असेपर्यंतच खेळता येतात.

दुसरा नियम : कपाटातलं पुस्तक कधीही काढून नेलं जाऊ शकतं. प्रसिद्ध गेम जानेवारीत येतो आणि मे महिन्यात यादीतून जातो, असं घडलेलं आहे.

तिसरा नियम : वर्गणीचा दर वाचनालयाच्या हाती, आपल्या नव्हे. अमेरिकेत गेम पासची सर्वांत वरची पायरी २०१९मध्ये महिना १४.९९ डॉलर होती. २०२३मध्ये १६.९९ झाली, २०२४मध्ये १९.९९ आणि ऑक्टोबर २०२५मध्ये एकदम २९.९९. सोनीनेही सप्टेंबर २०२३मध्ये सर्वांत खालच्या पायरीची अमेरिकेतली वार्षिक वर्गणी ५९.९९ डॉलरवरून ७९.९९ केली. म्हणजे या बाबतीत दोघंही एकाच माळेचे मणी!

मग मी दोघांच्या हाती वही दिली. म्हटलं, समजा वर्गणी महिना पाचशे रुपये. कन्सोल किती वर्षं वापराल? "सहा," भाचा म्हणाला. पाचशे गुणिले बारा, सहा हजार. गुणिले सहा वर्षं, छत्तीस हजार! म्हणजे यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ पाऊणपट. दुकानातल्या पाटीवर यंत्राची किंमत असते. या छत्तीस हजारांची पाटी कुठेच लावलेली नसते. भाची वहीकडे पाहत राहिली. मग तिने हळूच विचारलं, "आणि शेवटी घरात काय उरतं?"

दोस्तांनो, सहावीतल्या मुलीने विचारलेला हा प्रश्न मोठ्यांनीही विचारावा असा आहे. कारण पडद्यावर 'विकत घ्या' असं बटण दाबून घेतलेला गेमसुद्धा पुस्तकासारखा तुमचा होत नाही. तुम्हाला मिळते ती वापरायची परवानगी. २७ मार्च २०२३ रोजी निन्टेन्डोने आपल्या वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांचं ऑनलाइन दुकान नव्या खरेदीसाठी बंद केलं. २९ जुलै २०२४ रोजी एक्सबॉक्स ३६०चंही बंद झालं. फोर्झा होरायझन ४ हा मोटारींच्या शर्यतीचा लाडका गेम डिसेंबर २०२४मध्ये ऑनलाइन दुकानातून विक्रीसाठी निघून गेला; आधी घेतलेल्यांना तो खेळता येतो, पण नव्या माणसाला तिथे मिळत नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला. २०२५पासून तिथल्या ऑनलाइन दुकानांना गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं, की तुम्हाला मिळतोय तो परवाना आहे.

डिस्क म्हणजे तरी अमरपट्टा आहे असं नाही, बरं का. डिस्क घातली, तरी गेम यंत्रात उतरवावा लागतो, दुरुस्त्या इंटरनेटवरून घ्याव्या लागतात आणि काही गेम तर इंटरनेटशिवाय सुरूच होत नाहीत. पण डिस्क हातातून हातात देता येते, हे तिचं बळ कुणी काढून घेत नाही.

शेवटी आम्ही चार प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहून बघा. एक, आपल्या आसपासच्या मित्रमैत्रिणींकडे कोणता कन्सोल आहे? दोन, आपण थोडे गेम खूप दिवस खेळतो, की पुष्कळ गेम थोडे थोडे? तीन, घरचं इंटरनेट एका गेमसाठी शंभर जीबी उतरवू शकतं का? चार, बिघडलं तर दुरुस्ती कुठे होते?

गेमची नावं मी मुद्दाम या यादीत धरली नाहीत. कारण त्या भिंती आता पडू लागल्या आहेत. माइनक्राफ्ट मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असूनही प्लेस्टेशनवर चालतो. क्रिकेट २४ दोन्हीकडे आहे. मेक्सिकोतल्या रस्त्यांवरचा फोर्झा होरायझन ५ हा मायक्रोसॉफ्टचा गेम एप्रिल २०२५मध्ये प्लेस्टेशनवरही आला. २०१८पासून फोर्टनाइटमध्ये प्लेस्टेशनवाला मुलगा एक्सबॉक्सवाल्या मित्राबरोबर खेळू शकतो. स्पायडरमॅनसारखे सोनीचे काही गेम मात्र अजून एक्सबॉक्सवर नाहीत. ज्याचा जीव अशा एखाद्या गेमवरच जडला असेल, त्याचा निर्णय सोपा आहे.

भाच्या-भाचीचं उत्तर पहिल्या प्रश्नातच निघालं. त्यांच्या सोसायटीत तीन घरी प्लेस्टेशन ५ होता, तिन्ही डिस्कवाले. म्हणजे डिस्क फिरवायला आणखी तीन घरं तयार! भाचीला माइनक्राफ्ट मिळणार होताच. पण डिस्कवाल्यासाठी आणखी दोन महिने थांबायचं होतं. बिनडिस्कचा समोर हजर, आणि सुट्टीही समोर. भाच्याने दोन दिवस तोंड फुगवलं, हे खरं. मग त्यानेच ठरवलं, "थांबू." आणि बहिणीला शब्द दिला, की वर्गणी अजिबात नको असं नाही, मे महिन्यात एक महिना आणि दिवाळीच्या सुट्टीत एक महिना भरू, आणि त्या दोन महिन्यांत कोणते गेम खेळायचे ते तू ठरवायचंस. वर्षाचे हजार, सहा वर्षांचे सहा हजार. छत्तीसातून सहा वजा... तीस हजार वाचले! तुमच्या गल्लीत तीन घरी एक्सबॉक्स सीरिज एक्स असता, तर उत्तर उलटं आलं असतं आणि तेही तितकंच बरोबर ठरलं असतं.

आईबाबांसाठीही दोन-चार गोष्टी. वर्गणी एका महिन्याची घेतली, तरी ती आपोआप पुढे चालू राहते. म्हणून घेतल्या दिवशीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाका. कार्डाचा नंबर यंत्रात ठेवलात, तर खरेदीला पासवर्ड लावा, कारण गेमच्या आतही दुकानं असतात. दोन्ही यंत्रांत वयाप्रमाणे गेम, वेळ आणि अनोळखी माणसांशी बोलणं यांवर मर्यादा घालता येते. मुलाला शेजारी बसवूनच ती घाला, चोरून नको. फोर्टनाइट, रॉकेट लीग यांसारखे फुकट गेम ऑनलाइन खेळायला दोन्हीकडे वर्गणी लागत नाही. विकतचे गेम मित्रांशी ऑनलाइन खेळायचे, तर मात्र लागते. आणखी एक बारीक गोष्ट : खेळ कुठवर आला, याची नोंद एक्सबॉक्स इंटरनेटवर फुकट जपून ठेवतो, प्लेस्टेशन ५वर त्यासाठी प्लसची वर्गणी लागते.

आणि दोस्तांनो, तुमच्यासाठी एवढंच. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोन बड्या दुकानदारांपैकी कुणीही तुमच्या संघाचा कप्तान नाही. तुम्ही त्यांच्यासाठी बाकावर कितीही भांडलात, तरी वर्गणी वाढवताना ते तुम्हाला विचारायला येत नाहीत. म्हणून झेंडा खांद्यावर घेण्याआधी पेन्सिल हातात घ्या. यंत्राची किंमत लिहा, तिच्याखाली सहा वर्षांची वर्गणी लिहा आणि बेरीज करा. मग शेजारच्या घराची बेल वाजवून विचारा, "तुझ्याकडे कोणतं आहे रे?" मोठाल्या जाहिराती जे सांगत नाहीत, ते या दोन गोष्टी पाच मिनिटांत सांगतील.